रात्री बोट काढताय? नेव्हिगेशन लाइटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई हार्बर, मांडवा, अलिबाग, मुरुड आणि खाली गोव्यापर्यंत हल्ली स्वतःची छोटी बोट असणारे बरेच लोक झालेत, कुणाची आउटबोर्डची फायबर बोट, कुणाची शिडाची, कुणाचं कयाक. दिवसा सगळे छान चालवतात. सूर्य बुडाला की मात्र तेच तेच प्रश्न येतात आणि बऱ्याचदा ते बोट पाण्यात असताना फोनवर येतात, तेव्हा उत्तर द्यायला उशीर झालेला असतो. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

बोटीला गाडीसारखा हेडलाइट का नसतो? पुढचं दिसणार कसं?

हा पहिला प्रश्न असतो आणि इथेच सगळी गडबड आहे. बोटीचे दिवे आपल्याला दिसावं म्हणून नसतात, आपण दुसऱ्याला कळावं म्हणून असतात. नुसते दिसावं म्हणून नाही, कळावं म्हणून: ही बोट इंजिनवर आहे की शिडावर, माझ्याकडे येतेय की लांब चाललीय, तिची डावी बाजू मला दिसतेय की उजवी. समोरचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, अंधारात तुमची बोट बघत नाही, तो फक्त दोन-तीन ठिपके बघतो आणि त्यावरून सुकाणू कुठे वळवायचं ते ठरवतो. ते ठिपके चुकीचे असतील तर त्याचा निर्णय चुकणार, त्यात त्याचा काही दोष नाही.

आणि हेडलाइट लावून समुद्रात दिसतही काही नाही. रस्त्यावर उजेड परत येतो कारण समोर डांबर असतं, झाडं असतात, पाण्यावर तो निघून जातो आणि थोडं धुकं किंवा तुषार असले की पांढरी भिंत उभी राहते. सर्चलाइट जवळ ठेवाच, पण जेटीला लागताना, बॉया (पाण्यावर तरंगणारी खूण) शोधताना, जाळ्याचा फ्लोट बघताना दोन-चार सेकंद लावायचा आणि बंद करायचा. दुसऱ्या बोटीच्या केबिनवर तर कधीच मारू नका, पुढची दहा-वीस मिनिटं त्या माणसाला धड दिसत नाही.

नक्की कुठले दिवे लागतात?

जगभर एकच नियमावली आहे, समुद्रावरची टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम, सगळे कोलरेग म्हणतात, १५ जुलै १९७७ पासून लागू आहेत. त्यात इंजिनवर चालणाऱ्या बोटीला हे दिवे सांगितलेत.

डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा, हे साइडलाइट. प्रत्येक दिवा अगदी नाकासमोरून सुरू होऊन ११२.५ अंशांपर्यंत दिसला पाहिजे, म्हणजे काटकोनाच्या थोडा मागपर्यंत. वर डोलकाठीवर किंवा टी-टॉपवर (बोटीवरच्या छताच्या सांगाड्यावर) पांढरा मास्टहेड लाइट, तो पुढच्या बाजूने २२५ अंशांत दिसतो, म्हणजे दोन्ही साइडलाइट मिळून जेवढा भाग होतो बरोबर तेवढाच. मागच्या टोकाला पांढरा स्टर्नलाइट, उरलेल्या १३५ अंशांत. बेरीज करा, ३६० होते. मजा अशी की एका जागेवरून बघणाऱ्याला हे सगळे दिवे एकदम कधीच दिसत नाहीत, आणि कुठले दिसतात त्यावरूनच त्याला तुमची दिशा कळते. लावायचे कधी, तर सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. घरात दिवेलागण होते ना, तेव्हाच बोटीवरही, पूर्ण अंधार पडायची वाट बघायची नाही. धुकं, धुरकं, जोराचा पाऊस असेल तर दिवसासुद्धा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सात-आठला हार्बरमध्ये जे धुरकं असतं त्यात दिवे चालूच ठेवा.

माझी बोट १८ फुटी आहे, एवढे सगळे दिवे लावायला जागाच नाही. एक पांढरा पुरत नाही का?

१२ मीटरपेक्षा लहान बोटीला सूट आहे. मास्टहेड आणि स्टर्न वेगळे न लावता एकच चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावता येतो, ज्याला ऑल-राउंड म्हणतात, सोबत लाल-हिरवा साइडलाइट. लाल-हिरवा एकाच डब्यात असलेला दिवाही चालतो, तो मधोमध पुढे बसवतात. पांढरा मात्र साइडलाइटपेक्षा किमान १ मीटर उंच हवा, म्हणूनच त्याला काठी देतात.

नुसता एक पांढरा चालतो तो ७ मीटरपेक्षा लहान आणि जास्तीत जास्त वेग ७ नॉटपर्यंतच असलेल्या बोटीला, आणि तिलाही जमत असेल तर साइडलाइट लावायला सांगितलंय. लोक "७ मीटर" वाचतात आणि पुढचं वाचत नाहीत. १८ फूट म्हणजे साडेपाच मीटर, लांबीत तुम्ही बसता, पण मागे ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड असेल तर तुमची बोट ७ नॉटच्या कितीतरी पुढे जाते. ७ नॉट म्हणजे ताशी १३ किलोमीटर, सायकल जाते तेवढं. तुम्ही हळू चालवताय हे कारण इथे चालत नाही, बोट किती पळू शकते ते बघतात.

लाल कुठे, हिरवा कुठे, सारखं विसरायला होतं.

डाला. डावा-लाल. उरलेला हिरवा. बो कडे, म्हणजे बोटीच्या नाकाकडे, तोंड करून उभं राहायचं, तेव्हाचा डावा.

समोर दिवे दिसले तर त्यावरून काय ओळखायचं?

हे जमलं की रात्रीची निम्मी भीती जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाल आणि हिरवा दोन्ही दिसतायत आणि वर पांढरा: बोट सरळ तुमच्या अंगावर येतेय. दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं, म्हणजे डाव्या बाजूला डावी बाजू ठेवून एकमेकांना पास करता येतं. वळताना थोडंथोडं नाही, ठळक वळा, समोरच्याला तुमचा हिरवा गेलेला आणि नुसता लाल राहिलेला दिसला पाहिजे, तेव्हाच त्याला कळतं की यांनी मला बघितलंय.

तुमच्या उजव्या हाताला बोट आहे, तिचा लाल दिसतोय आणि ती तुमचा रस्ता कापतेय: तुम्ही वाट द्यायची. सिग्नलचा लाल समजा. वेग कमी करा किंवा उजवीकडे वळून तिच्या मागून जा, तिच्या पुढून घुसायचं नाही. तुमच्या डाव्या हाताला बोट आहे आणि तिचा हिरवा दिसतोय: वाट तिने द्यायची आहे, तुम्ही वेग आणि दिशा तशीच ठेवा. पण हिरवा दिसला म्हणून निवांत बसू नका, ती हलत नाही असं दिसलं तर तुम्हालाही बाजूला व्हायचं आहे, नियमच तसा आहे.

लाल किंवा हिरवा एकटाच, वर पांढरा नाही: बहुतेक शिडाची बोट. इंजिनवाल्याने तिला वाट द्यायची.

फक्त एक पांढरा: हा सगळ्यात फसवा दिवा. तो एखाद्या बोटीचा स्टर्नलाइट असेल म्हणजे तुम्ही तिला मागून गाठताय, नांगरलेली बोट असेल, वल्ह्याच्या होडीतला टॉर्च असेल, मासे धरत बसलेली पगार, म्हणजे छोटी होडी, असेल. कुठलाही असो, वेग कमी करायचा आणि मोठं अंतर ठेवून जायचं.

दोन पांढरे, एक खाली एक वर: मोठं जहाज. ५० मीटर आणि त्याहून लांब जहाजाला दोन मास्टहेड लाइट लागतात, पुढचा खाली आणि मागचा उंच. याचा फार उपयोग होतो. खालचा दिवा ज्या बाजूला आहे त्या बाजूला जहाज चाललंय. दोन्हीतलं अंतर कमी कमी होत एकाच्या डोक्यावर एक आले की जहाजाचं नाक तुमच्यावर रोखलंय. साइडलाइट दिसायच्या आधीच हे कळतं, कारण त्या जहाजाचे मास्टहेड ६ सागरी मैलांवरून दिसले पाहिजेत असं बंधन आहे आणि साइडलाइट ३ मैलांवरून.

लाल वर आणि पांढरा खाली मासेमारी, हिरवा वर आणि पांढरा खाली ट्रॉलर, पांढरा वर लाल खाली पायलट बोट (जहाजाला वाट दाखवणाऱ्या पायलटला ने-आण करणारी). दोन लाल एकावर एक म्हणजे ती बोट ताब्यात नाही. लाल-पांढरा-लाल म्हणजे तिला काम सोडून वळता येत नाही, ड्रेजर (तळ खोदणारं जहाज) वगैरे, आणि ड्रेजरवर आणखी दोन लाल असलेली बाजू अडथळ्याची, दोन हिरवे असलेली बाजू जायला मोकळी. पुढे एकाखाली एक दोन किंवा तीन पांढरे दिसले तर टग, म्हणजे ओढणारी बोट आहे, मागे दोराने बार्ज, म्हणजे माल नेणारी सपाट बोट, असू शकतो, तिसरा पांढरा म्हणजे मागचा पसारा २०० मीटरपेक्षा लांब. टग आणि बार्जच्या मधून कधीही जाऊ नका, मधला वायर रोप पाण्याखाली असतो, दिसत नाही.

टक्कर होणार आहे की नाही हे आधी कसं कळतं?

त्याचा दिवा तुमच्या बोटीच्या कुठल्यातरी वस्तूशी जुळवून बघा, रेलिंगचा खांब, क्लीट, काहीही. तुमची दिशा तीच ठेवायची आणि मिनिटभराने परत बघायचं. दिवा खांबाच्या पुढे किंवा मागे सरकला तर तो पुढून किंवा मागून निघून जाईल. जागेवरच आहे आणि नुसता मोठा होतोय, तर टक्कर आहे. जवळच्या मोठ्या जहाजाच्या बाबतीत दिवा थोडा सरकला तरी धोका राहतो, त्याची लांबी विसरू नका.

वेळ किती असतो त्याचाही हिशोब करून ठेवा. १२ मीटरच्या आतल्या बोटीचा साइडलाइट कमीत कमी १ सागरी मैलावरून दिसावा एवढीच अपेक्षा आहे, म्हणजे १.८५ किलोमीटर. समोरचा १५ नॉटने येतोय, तुम्ही १० ने, दोघं मिळून मिनिटाला जवळजवळ ७७० मीटर खातात. तो लाल-हिरवा दिसल्यापासून हातात साधारण अडीच मिनिटं. त्यातली एक मिनिट फोनकडे बघण्यात गेली तर काय राहिलं?

मोठी जहाजं आम्हाला बघून बाजूला होतील ना? आमचे दिवे लावलेले असतात.

नाही, आणि ही समजूत मला सगळ्यात जास्त घाबरवते. मुंबई पोर्ट आणि न्हावा शेवाला जाणारी जहाजं खोदलेल्या चॅनेलमधून जातात, त्यातली काही तीनशे मीटरहून लांब असतात. चॅनेलच्या बाहेर त्यांना पाणी नाही, थांबायचं म्हटलं तरी लांबवर घसरत जातात. नियमसुद्धा तेच सांगतो: अरुंद चॅनेलमध्ये २० मीटरपेक्षा लहान बोटीने आणि शिडाच्या बोटीने त्यांच्या वाटेत यायचं नाही. शिडावर आहात म्हणून हक्क सांगता येत नाही.

शिवाय ब्रिजवरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीतून, त्यांना नाकापुढचं पाणी दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने जहाजाच्या पुढे दोन जहाजलांबी किंवा ५०० मीटर, यातलं जे कमी असेल तेवढं पाणी झाकलेलं चालतं. तुम्ही त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये असाल तर तुमचे दिवे कितीही चकाचक असोत, तिथे कुणी बघणारं नाही. ७ ऑगस्ट २०१० ला याच हार्बरच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन मोठी जहाजं दिवसाढवळ्या एकमेकांवर आदळली होती, पाण्यावर तरंगणारे कंटेनर अनेकांना आठवत असतील. रडार, पायलट सगळं असून ते होतं, मग आपण पाच मीटरच्या फायबरच्या बोटीत काय गृहीत धरायचं!

चॅनेल ओलांडायचा तर काटकोनात, कमीत कमी वेळात, आणि दोन्हीकडे जहाज नाही हे बघून. चॅनेलमध्ये थांबून सेल्फी, मासेमारी, इंजिन बंद करून गप्पा, यातलं काही नाही. धरमतर खाडीकडे बार्जची ये-जा रात्रीही असते, तिथे हेच लक्षात ठेवा.

मासेमारी बोटींचे दिवे पुस्तकासारखे नसतात, मग काय करायचं?

खरंय. लाल-पांढरा वाचून जाल आणि समोर एक पिवळट बल्ब किंवा रंगीत लुकलुकणारी माळ दिसेल, किंवा दिवाच नसेल. एलईडीचे मोठे दिवे पाण्यावर मारून मासे गोळा करण्यावर बंदी आहे तरी तसा झगझगाट लांबवर कधी दिसतो, त्याच्या उजेडात आजूबाजूच्या बोटींचे दिवे अजिबात दिसत नाहीत, तिकडून लांबून जा.

बोटीपेक्षा मला काळजी जाळ्यांची वाटते. पालघरपासून रायगडपर्यंत डोल जाळी लावलेली असतात, खुंट्यांना किंवा नांगराला बांधून, भरती-ओहोटीच्या ओढीवर तोंड उघडं ठेवून. वर पाण्यावर काय, तर प्लास्टिकचा ड्रम, थर्माकोल, बांबूला फडकं, आता कुठे कुठे छोटा लुकलुकणारा दिवा. रात्री ड्रम दिसतो तेव्हा तो बोटीखाली गेलेला असतो. म्हणून जाळ्यांच्या पट्ट्यात रात्री सात-आठ नॉटच्या वर जाऊच नका, एकाला पुढे नुसतं बघायला बसवा. आणि एकदा दिवसा त्या गावच्या जेटीवर जाऊन तिथल्या तांडेलला विचारा, काका, जाळी कुठे कुठे टाकलीत, रात्री कुठून जाऊ? ते हाताने दाखवतात, ही खूण ती खूण जुळवून घे, तिथून सरळ ये. माझ्या जीपीएसमध्ये जे सगळ्यात कामाचे पॉइंट आहेत ते असे विचारून भरलेले आहेत.

दोर पंख्यात अडकला तर आधी इंजिन बंद, चावी काढा, मग आउटबोर्ड वर उचला. दोर सोडवायचा प्रयत्न करा. सुरी लावायची ती अगदीच बोट पाण्याखाली ओढली जात असेल तर, आणि मग सकाळी जाऊन त्या माणसाला सांगा आणि भरपाई द्या, ते जाळं म्हणजे त्याचं घर चालतं. ऑल-राउंड पांढरा चालू ठेवा, तुम्ही अडकलेले आहात हे दुसऱ्याला दिसू दे.

शिडाच्या बोटीला आणि कयाकला काय?

शिडाच्या बोटीला दोन साइडलाइट आणि स्टर्नलाइट, मास्टहेड नाही. २० मीटरपेक्षा लहान असेल तर तिन्ही एकत्र करून डोलकाठीच्या टोकावर ट्रायकलर लावता येतो, उंच असल्यामुळे लांबून दिसतो. पण इंजिन चालू केलं, शीड वर असलं तरी, तुम्ही इंजिनची बोट. मग ट्रायकलर बंद करून खालचे साइडलाइट, स्टर्न आणि मास्टहेड. हा स्विच बदलायला लोक हटकून विसरतात.

कयाक आणि वल्ह्याच्या होडीला निदान पांढरा टॉर्च किंवा कंदील हाताशी हवा आणि टक्कर टळेल इतक्या आधी तो दाखवायचा असतो. माझं मत विचाराल तर तेवढ्यावर थांबू नका. पाठीमागे काठीवर एक वॉटरप्रूफ पांढरा ऑल-राउंड दिवा लावा, लाइफजॅकेटला आणि वल्ह्याच्या पात्यांना रिफ्लेक्टिव्ह पट्टी चिकटवा. थंडीत कोकणात लाटा निळ्या चमकतात, ते बघायला हल्ली लोक ग्रुपने कयाक घेऊन अंधारात जातात आणि चमक नीट दिसावी म्हणून सगळे दिवे बंद करतात. तो निळा उजेड नॉक्टिल्युकासारख्या सूक्ष्म जीवांचा असतो, पाणी ढवळलं की दिसतो, बघायलाच हवा असा आहे, मान्य. पण किनाऱ्यालगत उथळ पाण्यात बघा आणि ग्रुपमधल्या पहिल्या आणि शेवटच्या कयाकचा दिवा चालू राहू द्या. हात पाण्यात घालून हलवला की दिव्यासकटही चमक दिसते.

बोटीला आरजीबी स्ट्रिप आणि पाण्याखालचे निळे दिवे लावलेत, सुंदर दिसतात. चालतं ना?

जेटीला बांधलेली असताना लावा. चालताना नाही. नेव्हिगेशन लाइट समजले जातील, त्यांना झाकतील किंवा तुमच्या स्वतःच्या नजरेला त्रास देतील असे कुठलेही दिवे लावायला मनाई आहे. डावीकडे हिरवी स्ट्रिप लागली की समोरच्याला तुमची उजवी बाजू दिसते. लुकलुकणारे आणि फिरणारे झगझगीत दिवेसुद्धा टाळायचे असतात.

जुना बल्ब काढून त्याच फिटिंगमध्ये एलईडी घातला तर?

बॅटरी वाचते हे खरं. जुना २५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास घेतो, तीन दिवे आठ तास म्हणजे ५० अँपिअर-तास, छोट्या बोटीची बॅटरी सकाळी स्टार्टर फिरवायला उरत नाही. एलईडी दोन-तीन वॉटमध्ये भागवतो.

पण नुसता बल्ब बदलू नका, पूर्ण फिटिंग बदला. पांढरा एलईडी जुन्या हिरव्या काचेमागे ठेवला की रंग निळसर होतो, आणि बल्बची तार जिथे असायची तिथे एलईडीचा प्रकाश नसल्यामुळे ११२.५ अंशांची कापलेली कडही सरकते. नेव्हिगेशन लाइट म्हणून प्रमाणित असलेला, किती मैल दिसतो ते लिहिलेला घ्या. दुसरी अडचण रेडिओची, स्वस्त एलईडीमुळे व्हीएचएफमध्ये खरखर येते आणि लांबचा आवाज ऐकूच येत नाही. अमेरिकन कोस्ट गार्डने २०१८ मध्ये यावर खास इशारा काढला होता. दिवा चालू-बंद करून रेडिओ ऐकून बघा, लगेच कळतं.

वायर टिन केलेली तांब्याची घ्या, जोडावर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. खारी हवा साधी वायर आतून हिरवी करून टाकते आणि दिवा जातो तो नेमका रात्रीच.

नांगर टाकून थांबलो तर लाल-हिरवा चालू ठेवायचा?

बंद करायचा. लाल-हिरवा म्हणजे बोट चालतेय. नांगरल्यावर फक्त एक पांढरा ऑल-राउंड. ७ मीटरपेक्षा लहान बोटीला यातून सूट आहे, पण चॅनेल, नांगरवाडा किंवा इतर बोटींची नेहमीची वाट जवळ असेल तर सूट नाही, आणि आपल्याकडे वाट नसलेली जागा कुठे आहे? लावाच.

शहराच्या दिव्यांमध्ये बोटीचे दिवे हरवतात.

हो, आणि तुमचेही हरवतात. गेटवेकडे येताना पाठीमागे अख्खं शहर पेटलेलं, वरच्या बाजूला अटल सेतूच्या दिव्यांची रांग, पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटींचा झगमगाट. यात एखादा छोटा लाल ठिपका शोधायचा तर हलणारं काही दिसतंय का ते बघा, आणि किनाऱ्यावरचे दिवे मध्येच झाकले जातायत का ते बघा. दिवे न लावलेली बोट अशीच सापडते, तिच्यामागचे दिवे एकेक विझत-पेटत जातात. वेग कमी असेल तरच हे दिसतं.

रात्री डोळ्यांना सवय व्हायला किती वेळ लागतो?

२० ते ३० मिनिटं. घालवायला एक सेकंद पुरतो, मोबाइलचा स्क्रीन बस. प्लॉटरचा उजेड अगदी कमी करा, केबिनमध्ये लाल दिवा वापरा, पोरांना सांगा टॉर्च तोंडावर मारायचा नाही. ऑल-राउंडचा उजेड समोरच्या पांढऱ्या डेकवर पडत असेल तर दिव्याखाली काळी चकती बसवा.

चांदण्याची रात्र निवडली तर सोपं जातं का?

दिसायला सोपं, पण चंद्राबरोबर पाणीही येतं. आपल्याकडचा जुना हिशोब, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा वाजता भरती. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी पाच-सहाला पूर्ण ओहोटी आणि तीही उधाणाची. चांदणं भरपूर पण खाडीच्या तोंडाशी चिखल वर आलेला, बोट रुतली की सहा तास. उधाणात मुंबईला पाणी पाच मीटरच्या जवळ चढतं, ओढही तशीच. अष्टमीला भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी शांत, पण चंद्र अर्धी रात्रच, शुक्ल अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि वद्य अष्टमीला तेव्हाच उगवतो. तिथीचा हिशोब अंदाजाला घ्या, निघताना भरतीचं टेबल बघा. जून ते ऑगस्ट तर प्रश्नच नाही, बोट किनाऱ्यावर.

बॉयांचे लाल-हिरवे दिवे पण तसेच वाचायचे?

ते वेगळे, ते लुकलुकतात. समुद्रातून बंदरात येताना लाल बॉया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला, बाहेर जाताना उलटं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मित्रांसाठी मुद्दाम सांगतो, तिकडे बॉयांची पद्धत बरोबर उलटी आहे, बंदरात येताना लाल उजव्या हाताला. बोटीचे साइडलाइट मात्र जगात सगळीकडे तेच, डावा लाल. सुट्टीला येऊन भावाची बोट रात्री चालवणार असाल तर आधी दिवसा एक फेरी मारा.

परवानगी लागते का?

बोटीच्या नोंदणीच्या आणि सर्व्हेच्या कागदांवर कुठल्या हद्दीत आणि कधी चालवता येईल ते बघा. महाराष्ट्रात मेरीटाइम बोर्डाच्या स्थानिक बंदर कार्यालयात, गोव्यात पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स कडे लेखी विचारून घ्या. व्हीएचएफ सेटलाही लायसन्स लागतं.

मध्येच दिवे गेले तर?

वेग कमी करा, चॅनेलच्या बाहेर उथळ बाजूला सरका. सुटा फ्यूज आणि सेलवर चालणारा एक लाल-हिरवा-पांढरा जोड बोटीवर कायम असू द्या, सक्शन कपने चिकटतात. कुणी जवळ येत असेल तर टॉर्च स्वतःच्या शिडावर किंवा केबिनच्या भिंतीवर मारा, नुसता ठिपका दाखवण्यापेक्षा उजळलेला आकार लवकर कळतो. हॉर्नचे पाच छोटे आवाज म्हणजे तू काय करतोयस मला कळत नाही, सावध हो.

निघण्याआधी काय तपासायचं?

दिवे लावून एकाने जेटीवरून चालत बोटीभोवती जायचं, पुढून, दोन्ही बाजूंनी, मागून. स्विचवर बसून कळत नाही. एकदा मी मांडव्याकडून परत येत होतो, दिवे सगळे चालू होते, पॅनेलवर तीनही हिरवे इंडिकेटर. मागे एक मच्छीमार बोट येत होती ती काही केल्या वळेना, शेवटी मीच जोरात बाजूला घेतली आणि ती हातभर अंतरावरून गेली, त्यांच्या खलाशाने ओरडून विचारलं, बत्ती कुठाय? मागे वळून बघतो तर कुणीतरी ओलं लाइफजॅकेट वाळायला म्हणून ऑल-राउंडच्या काठीवर अडकवलेलं. पुढून मी दिव्यांनी सजलेला, मागून पूर्ण काळोख. माझी मुलगी त्या रात्री मागच्याच सीटवर झोपली होती. त्यानंतर त्या काठीला कुणी काही टांगत नाही, आणि जे लाइफजॅकेट वाळत घालायचं ते अंगावर असतं, सगळ्यांच्या, शिट्टी आणि छोट्या दिव्यासकट. किल कॉर्डही (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) चालवणाऱ्याच्या अंगाला लावलेली, रात्री माणूस पडला तर बोट पुढे निघून जाता कामा नये. आणि बोट चालवणाऱ्याने प्यायची नाही.

अडचणीत सापडलो तर कुणाला सांगायचं?

व्हीएचएफवर चॅनेल १६, तीनदा मेडे, बोटीचं नाव, जागा, किती माणसं. फोनला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा टोल फ्री नंबर १५५४. लाल हँड फ्लेअर कुणी दिसतंय, ऐकू येतंय अशा वेळी पेटवा, हात बोटीच्या बाहेर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला धरून, एक्सपायरी उलटलेला नको. आणि निघण्याआधी घरी किंवा जेटीवरच्या एका माणसाला सांगून ठेवा: कुठे चाललोय, कोण कोण आहे, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर १५५४ लावायचा. परत आलात की बोट बांधायच्या आधी तो फोन करा, नाहीतर तुम्ही घरी जेवत असताना कुणीतरी तुम्हाला समुद्रात शोधत असेल.